पाण्यावर वाट कोणी द्यावी?

भुसावळ सोडून गाडी तापीच्या पुलावरून पलीकडे गेली आणि बऱ्हाणपूरही मागे पडले, की सातपुड्याचे सागवानी जंगल दोन्ही अंगांनी रुळांजवळ सरकू लागते. त्याच जंगलात, नेपानगरच्या शेजारी, चांदनी नावाचे एक लहानसे स्टेशन आहे. वृत्तपत्राच्या व्यवसायात ज्यांची हयात गेली त्यांना हा मुलूख अगदीच परका वाटू नये. देशातील पहिली वृत्तपत्र-कागदाची गिरणी नेपानगरला उभी राहिली आणि १९५६ साली पंडित नेहरूंनी ती राष्ट्राला अर्पण केली. आमच्यासारख्या संपादकांनी लिहिलेले शहाणपण आणि अविवेक हे दोन्ही कित्येक वर्षे याच गिरणीच्या कागदावर छापले गेले. त्या कृतज्ञतेपोटी म्हणा किंवा कुतूहलापोटी म्हणा, आम्ही नुकतेच दोन दिवस या भागात काढले आणि चांदनीला एका निवृत्त गिरणी कामगाराच्या घरी मुक्काम केला. गृहस्थ मूळचे खानदेशचे. बाहेर हिंदी-निमाडी चालली तरी घरातली भाषा मराठीच.

रात्री जेवणे झाल्यावर अंगणात बाजा टाकून आम्ही बोलत बसलो होतो. त्यांचा नातू एका मोठ्या जलाशयावर, पर्यटकांना जलविहार घडविणाऱ्या बोटींवर मदतनीस म्हणून काम करतो. त्या जलाशयाचे नाव घेण्याचे येथे प्रयोजन नाही, कारण जे तेथे घडले ते कोठेही घडू शकते आणि घडतही असते. नातवाने सांगितलेली हकीकत अशी. एका सुट्टीच्या दिवशी शहरातून काही मंडळी स्वतःची वेगवान बोट गाडीमागे जोडून घेऊन आली. बोट पाण्यात उतरली. तिच्या मागे दोराने एक रबरी गादी बांधली गेली, गादीवर तीन तरुण पालथे पडले आणि बोट भन्नाट सुटली. त्याच पाण्यात एक मच्छीमार आपल्या डोंगीत उभा राहून पहाटे टाकलेले जाळे ओढत होता. बोट त्याच्या इतक्या जवळून गेली की डोंगीत गुडघाभर पाणी आले, आणि वळताना तिच्या पंख्यात जाळ्याचा दोर सापडून तुटला. नातू धक्क्यावरून ओरडत राहिला. बोट थांबल्यावर तिचा मालक म्हणाला, "ओरडतोस कशाला? त्या जाळ्याची किंमत सांग, देऊन टाकतो." त्याने पाचशेची एक नोट पुढे केली आणि मच्छीमाराने ती घेतली. घेणार नाही तर काय करील? जाळे त्याहून महाग होते, त्या दिवशीची मासळी हातची गेली होती, आणि भांडायला उभे राहावे तर समोरच्याच्या बोटीची किंमत त्याच्या सात पिढ्यांच्या कमाईहून अधिक.

हकीकत सांगून झाली. आजोबा काही वेळ गप्प राहिले आणि मग आमच्याकडे वळून त्यांनी विचारले, "साहेब, तुमच्याकडं तर समुद्र आहे. तिकडं पाण्यावर मोठा माणूस लहान्याला वाट देतो का हो?"

आम्ही "हो, देतो" असे उत्तर दिले. दर्यावर पिढ्यान्‌पिढ्या वावरलेल्या मुलखातून आलेला माणूस दुसरे काय सांगणार? परंतु ते "हो" तोंडातून गेल्यापासून आमच्या मनाला स्वस्थता नाही. ते कितपत खरे होते, हे वाचकांबरोबर तपासून पाहावे म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम ही जलाशये आहेत काय, ते पाहू. चांदनीच्या उत्तरेला, खंडवा जिल्ह्यात पुनासा येथे नर्मदेवर इंदिरा सागर हे धरण आहे. १९८४ च्या ऑक्टोबरात इंदिरा गांधींनी त्याची कोनशिला बसविली आणि नव्या शतकाच्या प्रारंभी ते पुरे झाले. त्याच्या मागे साठलेले पाणी जवळजवळ ९१३ चौरस किलोमीटरांवर पसरते. गोमंतकीय वाचकांना या आकड्याचा अंदाज यावा म्हणून सांगतो, की सबंध गोव्याचे क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर आहे. म्हणजे आपल्या राज्याच्या एक चतुर्थांशाएवढी भूमी तेथे पाण्याखाली आहे! त्या पाण्याच्या काठी हनुवंतिया येथे २०१६ साली पहिला जलमहोत्सव भरला. तंबूंची नगरी उभारली गेली, वेगवान बोटी आल्या, दोराने बांधलेल्या छत्रीतून आकाशात उडण्याची सोय झाली. समुद्र न पाहिलेल्या निमाड-माळव्यातील माणसाला आपल्याच मुलखात क्षितिजापर्यंत पसरलेले पाणी पाहण्यास मिळाले. त्याचा आनंद खोटा आहे असे म्हणण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. माणसाला विरंगुळा हवा, आणि पाण्यासारखा विरंगुळा दुसरा नाही.

परंतु हे पाणी आभाळातून पडून आपोआप साठलेले नाही. त्याच्या तळाशी हरसूद आहे. शेकडो वर्षांचे ते बाजारपेठेचे गाव २००४ च्या जूनअखेर रिकामे करण्यात आले. माणसांनी स्वतःच्या घरांची कौले, दारे, विटा स्वतःच्या हातांनी उतरविल्या आणि छनेराजवळच्या नव्या वसाहतीकडे वाट धरली. त्याच्याबरोबर अडीचशेच्या आसपास गावे कमीअधिक प्रमाणात बुडाली. याच हरसूदला १९८९ च्या सप्टेंबरात विनाशकारी विकासाला विरोध करण्यासाठी देशभरातून हजारो माणसे जमली होती. त्या मेळाव्याने धरण अडले नाही. याच जिल्ह्यात खालच्या अंगाला ओंकारेश्वर धरणाच्या पाण्यात २०१२ साली घोगलगावची माणसे १७ दिवस गळ्याइतक्या पाण्यात उभी राहिली, तेव्हा कोठे सरकारला जाग आली.

हे केवळ निमाडचेच दुःख नव्हे. पुण्याजवळच्या मुळशीच्या तलावाकाठी आज शनिवार-रविवारी मोटारींची रीघ लागते. त्या तलावासाठी जमिनी गेल्या तेव्हा सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ पासून मावळ्यांनी सत्याग्रह केला होता, हे त्या मोटारींतून उतरणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल? कोयनेच्या शिवसागरावर तापोळा-बामणोलीला पर्यटकांची दाटी होते. पण त्या खोऱ्यातील कित्येक वस्त्यांना दवाखाना, शाळा आणि बाजार गाठण्यासाठी लाँच हाच रस्ता असतो. आणि आपल्या गोव्यातील कुर्डी? गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचे ते गाव साळावलीच्या धरणात गेले. दर उन्हाळ्यात पाणी ओसरले की गावाची जोती आणि सोमेश्वराचे देऊळ उघडे पडते, विखुरलेले ग्रामस्थ तेथे जमतात, देवाला हात जोडतात, आणि पावसाळा आला की ते सारे पुन्हा पाण्याखाली जाते. आपल्या देशातील बहुतेक मोठे जलाशय असे कोणाच्या तरी घरादारावर उभे आहेत. ज्याला आपण क्रीडेचे पाणी म्हणतो ते कोणाचे शेत होते, आणि आज ते कोणाचे मासेमारीचे ठिकाण, कोणाचा रस्ता, कोणाच्या पिण्याची सोय आहे. पाण्यावरच्या शिष्टाचाराचा विचार येथून सुरू झाला पाहिजे.

आता त्या बोटींकडे वळू. दोराने माणसाला ओढून पाण्यावर घसरविण्याचा खेळ अमेरिकेत जन्मास आला. मिनेसोटा राज्यातील पेपिन नावाच्या सरोवरावर राल्फ सॅम्युएलसन या अठरा वर्षांच्या तरुणाने १९२२ साली लाकडी फळ्या पायाला बांधून तो प्रथम साध्य केला. शंभर वर्षांत त्या फळ्यांचे अनेक अवतार झाले आणि ओढणाऱ्या बोटीचे तर रूपच पालटले. आज अशा खास बनावटीच्या नव्या बोटीला लाख डॉलरांहून अधिक मोजावे लागतात, म्हणजे आपल्याकडे हिशेब कोटीच्या घरात जातो. यांतील काही बोटींच्या पोटात टाक्या असतात. टन-दोन टन पाणी त्यांत भरून बोट मुद्दाम जड करायची, की तिच्या मागे उंच लाट उठते आणि त्या लाटेवर फळी घेऊन स्वार होता येते. एका माणसाच्या करमणुकीसाठी शांत सरोवरात समुद्र निर्माण करण्याचाच हा प्रकार!

या लाटेचे गणित समजून घेण्याजोगे आहे. लाटेची शक्ती तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. लाट दुप्पट उंच झाली की तिचा तडाखा चौपट होतो, तिप्पट झाली की नऊपट. बोटीत बसलेल्याला मागे उठलेली लाट शोभेची वाटते. ती काठाला पोचते तेव्हा माती खचविते, उथळ पाण्यातील गाळ ढवळते, माशांची वीण उधळते, बांधून ठेवलेल्या होड्या एकमेकींवर आपटते. आणि एखादी अरुंद डोंगी आडवी सापडली तर ती उलथण्यास अशा दोन लाटा पुरेत. चालक तोवर अर्धा मैल पुढे गेलेला असतो. आपल्या पाठीमागे काय घडले हे त्याला दिसतही नाही. पाण्यावरच्या बेपर्वाईचे हेच वैशिष्ट्य आहे, की तिचे फळ जवळजवळ नेहमी दुसऱ्यालाच भोगावे लागते.

ज्यांनी हा खेळ काढला त्यांनी त्याचे नियमही केले, हे मान्य केले पाहिजे. ओढणाऱ्या बोटीत चालकाखेरीज आणखी एक माणूस हवा. चालकाने पुढे पाहावे, त्या दुसऱ्याने मागे ओढल्या जाणाऱ्यावर नजर ठेवावी. मागचा माणूस आवाजाने बोलू शकत नाही, म्हणून हाताच्या खुणा ठरलेल्या आहेत. अंगठा वर केला की वेग वाढवा, खाली केला की कमी करा, गळ्यावरून हात फिरविला की थांबा. पाण्यात पडलेल्याने डोक्यावर हात जोडून धरले की तो सुखरूप आहे असे समजावे. त्याला घेण्यास जाताना तो चालकाच्या बाजूला, त्याच्या डोळ्यांसमोर राहील अशा बेताने बोट आणावी आणि जवळ येताच यंत्र बंद करावे, कारण फिरता पंखा माणूस आणि मासा ओळखत नाही. वर्तुळे घेत बसू नये. सरळ जावे आणि त्याच रेषेने सावकाश परत यावे, म्हणजे लाटा एकमेकींत मिसळून पाणी खवळत नाही. रबरी गादीवरच्या माणसाच्या हाती सुकाणू नसते आणि वळणावर ती गादी बोटीपेक्षाही अधिक वेगाने बाहेर फेकली जाते, म्हणून काठापासून आणि इतर होड्यांपासून दोराच्या लांबीहून कितीतरी अधिक अंतर राखावे. चालकाच्या मनगटाला किंवा जाकिटाला एक दोरी बांधलेली असावी. तो पाण्यात फेकला गेला तर ती ओढली जाऊन यंत्र आपोआप बंद पडते. लहान बोटींच्या चालकांना ही दोरी बांधणे अमेरिकेने २०२१ साली सक्तीचे केले. व्हर्माँट राज्याने तर २०२४ पासून लाटा उठविणाऱ्या बोटींना काठापासून ५०० फूट दूर आणि निदान २० फूट खोल पाण्यातच मुभा दिली आहे. ज्या देशात खाजगी मालकीचे एवढे स्तोम, तेथेही बोट तुमची म्हणून सरोवर तुमचे होत नाही, असे कायद्याला सांगावे लागले.

समुद्रावरचे नियम याहून जुने आणि अधिक स्पष्ट आहेत. जहाजांच्या टकरी टाळण्यासाठी १९७२ साली जी आंतरराष्ट्रीय नियमावली झाली ती जगभरचे नाविक मानतात. यंत्राच्या बोटीने शिडाच्या होडीला वाट द्यावी. मासेमारी करीत असलेल्या नौकेपासून दूर राहावे. मागून पुढे जाणाऱ्याने पुढच्याला त्रास न देता जावे. समोरासमोर आल्यास दोघांनी आपापल्या उजवीकडे वळावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, प्रत्येक क्षणी डोळे आणि कान उघडे ठेवावेत व वेळेवर थांबता येईल एवढाच वेग राखावा. या साऱ्या नियमांच्या पोटात एकच तत्त्व आहे. ज्याला बाजूला होणे सोपे, त्याने बाजूला व्हावे. ज्याच्यापाशी शक्ती अधिक, त्याच्यावर जबाबदारी अधिक. आपल्या रस्त्यांवर मात्र नेमकी उलटी रीत रुजली आहे. मोटारीने सायकलीला दटावायचे आणि मालमोटारीने मोटारीला. रस्त्यावरची हीच मग्रुरी आता गाडीमागे बोट जोडून पाण्यावर उतरली आहे.

आपल्या किनाऱ्याला हे तत्त्व परदेशातून शिकावे लागले नव्हते. कोळी, खारवी, गाबीत यांच्या वहिवाटीत ते मुरलेले होते. दुसऱ्याच्या जाळ्याचा बोया दिसला की आपली होडी वळवून न्यायची, हे पोराला वल्हे धरता येण्याआधी समजत असे. होडीत धनी कोणी का असेना, पाण्यावर शब्द तांडेलाचा. रापण ओढताना जो दोराला हात लावील त्याला चार मासे मिळत, मग तो वाटसरू का असेना. संकटातल्या होडीची हाक ऐकून पुढे जाणारा माणूस गावात तोंड दाखवू शकत नसे. पावसाळ्यात दर्यावर जायचे नाही आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्यावाचून शीड उभारायचे नाही, यात भक्ती होती तशीच मर्यादेची जाणीवही होती. नर्मदेकाठीही अशीच एक मर्यादा आहे. नर्मदेची परिक्रमा करणारा यात्रेकरू कित्येक महिने चालतो, पण वाटेत कोठेही तिचे पात्र ओलांडीत नाही. जेथे ती सागराला मिळते तेथेच तो नावेत बसून पलीकडे जातो. ज्या पाण्याला इतके जपून वळसा घालणारी माणसे या देशात आजही आहेत, त्याच पाण्यावर दुसरी माणसे आरडाओरडा आणि रिकाम्या बाटल्या सांडीत फिरतात, हे चित्र विषण्ण करणारे आहे.

येथवर आम्ही चांदनीच्या आजोबांना दिलेले "हो" कसेबसे सावरले. परंतु आजच्या आपल्या किनाऱ्याचे काय? सुट्टीच्या दिवशी कळंगुट-बागाच्या पाण्यात पोहणारे, छत्रीवाले, पाण्यावरच्या मोटारसायकली आणि मच्छीमारांच्या होड्या यांची जी सरमिसळ होते ती ज्याने पाहिली, त्याला छातीठोकपणे "हो" म्हणता येणार नाही. २०२४ सालच्या नाताळच्या दिवशी कळंगुटला पर्यटकांची बोट उलटून एकाचा अंत झाला. जीवरक्षक धावले म्हणून उरलेले वीस जण वाचले. डॉल्फिन दाखविण्याच्या चढाओढीत त्या मुक्या जिवांना बोटींनी घेरले जाते. मालवणजवळ तारकर्लीला २०२२ च्या मे महिन्यात समुद्रतळ पाहून परतणारी बोट उलटली आणि दोघे दगावले. तेव्हा नातवाच्या मालकाला नावे ठेवताना आपल्या अंगणाकडेही पाहिलेले बरे.

शिष्टाचार हा शब्द ऐकला की काहींना ती चहाच्या टेबलावरची नाजूक बाब वाटते. पाण्यावर शिष्टाचार मोडला म्हणजे माणसे मरतात. २००९ च्या सप्टेंबरात केरळातील थेक्कडीच्या जलाशयात दुमजली पर्यटक बोट कलंडली आणि ४५ माणसे बुडाली. वन्य प्राणी दिसले म्हणून प्रवासी एका बाजूला झुकले होते. २०२३ च्या मे महिन्यात त्याच राज्यात तानूरला मासेमारीची होडी बदलून केलेली पर्यटक बोट उलटली आणि २२ जण गेले, त्यांत मुले कितीतरी. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात सहलीला आलेली १२ शाळकरी मुले आणि २ शिक्षिका बुडाल्या. क्षमतेपेक्षा अधिक माणसे होडीत होती आणि पुष्कळांच्या अंगात जाकीट नव्हते. त्याच वर्षी मे महिन्यात उजनीच्या जलाशयात वादळी वाऱ्याने प्रवासी बोट उलटून सहा जण गेले. ते सहलीला निघाले नव्हते. एका काठावरून दुसऱ्या काठावर जाण्याचा त्यांचा तो नित्याचा रस्ता होता.

आणि १८ डिसेंबर २०२४ ची ती दुपार मुंबईकर विसरणार नाहीत. गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची एक वेगवान बोट येऊन आदळली. तिच्या यंत्राची चाचणी चालू होती आणि तिच्यावरचा ताबा सुटला. पंधरा जीव गेले. 'नीलकमल'ला परवानगी होती ८४ प्रवाशांची, आणि बोटीवर शंभराहून अधिक माणसे होती. आपत्तीचे खापर एकाच माथ्यावर फोडणे सोपे असते. पण गजबजलेल्या पाण्यात वेगाची चाचणी, मर्यादेबाहेर भरलेली बोट आणि अंगात नसलेली जाकिटे, या तिन्ही गोष्टी एकाच दुपारी एकत्र आल्या. त्याच दुपारी आसपासच्या बोटी हातातले काम टाकून धावल्या आणि त्यांनी बुडणाऱ्यांना वर ओढले. दर्यावरची जुनी रीत अगदीच मेलेली नाही, हेही त्या दुपारी दिसले.

मग करावे काय? कायदा नाही अशी स्थिती नाही. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ साली अंतर्देशीय नौकांचा नवा कायदा आला. नौकेची नोंदणी, तपासणी, विमा आणि चालकाचे प्रमाणपत्र या साऱ्या गोष्टी त्यात आहेत. भोपाळच्या मोठ्या तलावाचे पाणी शहर पिते म्हणून तेथील मोटरबोटींना राष्ट्रीय हरित लवादाने २०२३ च्या सप्टेंबरात मनाई केली. पण मनाई हा सर्वत्र उपाय नव्हे, आणि दुर्घटना घडली की महिनाभर बोटी बंद ठेवून मग पुन्हा पूर्ववत सुरू करणे हा तर मुळीच नव्हे. आम्हास वाटते, की प्रत्येक जलाशयावर मासेमारीचे पाणी कोणते, प्रवासी बोटींचा मार्ग कोणता आणि खेळाचे पाणी कोणते, हे बोये बांधून डोळ्यांना दिसेल असे आखून दिले पाहिजे. काठाजवळ आणि जाळ्यांजवळ लाट उठणार नाही इतक्याच वेगाने जाण्याचे बंधन हवे. ओढणाऱ्या बोटीत मागे पाहणारा दुसरा माणूस नसेल तर ती धक्क्यावरून सुटता कामा नये. जाकिटावाचून कोणी पाऊल टाकू नये आणि दारू घेतलेल्याने सुकाणूला हात लावू नये. स्वतःची बोट घेऊन येणाऱ्या धनिकासही यातून सूट नसावी. किंबहुना त्याचीच तपासणी आधी व्हावी.

याहून महत्त्वाची गोष्ट अधिकाराची. धक्क्यावरच्या ज्या पोराच्या हाती आपण शिटी देतो, त्याच्या शिटीमागे सरकार उभे आहे असे बोटवाल्याला कळले पाहिजे. "थांबा" म्हटल्यावर थांबावे लागते आणि न थांबल्यास बोट जप्त होते, असे एकदा-दोनदा घडले तरी पुष्कळ काम होईल. गोव्यात १९९० पासून राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. बोट चालविणे आणि जीव वाचविणे तेथे शास्त्रशुद्ध शिकविले जाते. धरणग्रस्त गावांतील आणि मच्छीमार कुटुंबांतील मुलांना सरकारी खर्चाने अशा शिक्षणाला पाठविले आणि जलाशयाच्या व्यवस्थापनात त्यांच्या सहकारी संस्थांना आवाज दिला, तर ज्यांचे गाव बुडाले त्यांच्याच हाती त्या पाण्याची राखण येईल. तोडलेल्या जाळ्याची भरपाई मालकाच्या दयेवर न सोडता ठरावीक दराने आणि ताबडतोब वसूल व्हावी. पाचशेची नोट भिरकावून सुटण्याची सोय राहता उपयोगी नाही.

नियम झाले तरी शेवटी पाणी विस्तीर्ण आहे आणि पोलीस थोडे. सुकाणूवरच्या माणसाला पुढे एक बारीक डोंगी दिसते, तिच्यात वाकलेला माणूस दिसतो, आणि वेगाच्या दांड्यावरचा त्याचा हात मागे येतो की येत नाही, एवढ्यावरच सारे ठरते. तो हात मागे यावा असे वळण घरातून आणि शाळेतून लागते. किनाऱ्यावरच्या वडीलधाऱ्यांनी ते आपल्या मुलांना लावले होते. आपणही ते लावू शकतो. फक्त त्याची आपल्याला गरज वाटली पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा आम्हाला स्टेशनवर पोचवावयास आले. नातू पहाटेच जलाशयाकडे निघून गेला होता. सुट्टीचा दिवस होता, गर्दी होणार होती. गाडी येईपर्यंत आम्ही आदल्या रात्रीचे उत्तर दुरुस्त केले. "आमच्याकडं वाट द्यायची रीत होती. आजही काही जण देतात. सगळेच देतात असं मी काल म्हणालो, ते खरं नव्हे," असे आम्ही म्हणालो. आजोबांनी मान हलविली. "मग लिहा तसं," ते म्हणाले, "तिथली माणसं वाचतील तरी."

म्हणून लिहिले.